फक्कीची मशीद

निपाणीतल्या आमच्या हायस्कूलच्या मैदानावर दर वर्षी, आदिलशाहीचा धडा आला की, एक मशीद उभी राहायची. उभी म्हणजे आडवीच. खो-खोचं मैदान आखायची फक्की घेऊन इतिहासाचे आप्पा सर सकाळीच यायचे आणि विजापूरची जामा मशीद जमिनीवर आखायचे. पूर्वेला दरवाजा, मधे मोकळं अंगण, दोन्ही बाजूंना ओवऱ्या, पश्चिमेला कमानींची रांग आणि तिच्यामागे मोठ्या घुमटाखालचं नमाजाचं दालन. अंगणातला हौद आखायची गरज नव्हती, तिथं आमचा हापसा होता.

मी विज्ञान शिकवायला नवीनच रुजू झालो होतो, तेव्हा ही भानगड मला ठाऊक नव्हती. डबा धुवायला हापशाकडं सरळ निघालो, तर मागून आप्पा सरांचा आवाज आला, "अहो सर, भित्तीतनं कुठं चाललाय? दार तिकडं हाय की."

मला वाटलं, नव्या माणसाची चेष्टा चाललीय. बघतो तर खुद्द हेडमास्तर चपला हातात धरून, वळसा घालून दारातून येत होते. मीही गेलो. नव्या नोकरीत वाद कशाला?

त्या रेघांत शिरले की आप्पा सर निराळेच व्हायचे. कमान कशी उभी राहते हे सांगायला दोन पोरांना समोरासमोर, तळहाताला तळहात लावून कलायला लावायचे. "एकटा कललास तर पडशील. दोघं कलला तर वर घुमट ठेवला तरी हलणार न्हाय," म्हणायचे आणि त्यांच्या हातांवर खरोखरच एक दप्तर ठेवायचे. मग सगळ्या वर्गाला घुमटाखाली उभं करून वर बघायला सांगायचे. वर निपाणीचं आभाळ आणि दोन-चार घारी. पोरं तरीही आ वासून बघायची, आणि खरं सांगतो, मलाही घुमट दिसायचा.

गंमत अशी की ती मशीद त्यांनी स्वतः कधी पाहिलीच नव्हती. त्यांना गाडी लागायची. लिंबू झालं, आलं झालं, ड्रायव्हरच्या शेजारची सीट झाली, पण चिकोडीच्या पुढं त्यांचा प्रवास काही जायचा नाही. सहलीच्या दिवशी ते पोरांना हात हलवून निरोप द्यायचे आणि घरी जायचे. सगळी मशीद पुस्तकांवरून आणि एका जुन्या नकाशावरून उभी केलेली. आम्ही त्यावरून त्यांना चिडवायचो आणि तेही हसायचे.

निवृत्ती जवळ आली तेव्हा मात्र एक दिवस मला म्हणाले, "एकदा जाऊन बघाय पायजे रं. इतकी वर्षं पोरांस्नी सांगितलं, ते खरं हाय का न्हाय?" या वेळी ते हसत नव्हते. जन्मभर शिकवलेलं चुकीचं निघालं तर, ही धास्ती त्यांनी किती दिवस पोटात ठेवली होती कोण जाणे. मला फार वाईट वाटलं. पुढच्याच रविवारी मी माझी गाडी काढली.

अथणी येईपर्यंत इतक्यांदा थांबलो की रस्त्याकडेची झाडं ओळखीची झाली. विजापूरला पोचले ते पिवळे पडूनच. पण दारात चपला काढल्या आणि दुखणं विसरले. या ओवऱ्या, हा हौद, असं करत मलाच मशीद दाखवत सुटले. जन्मात पहिल्यांदा आलेला हा माणूस स्वतःच्या घरात फिरावं तसा फिरत होता. मग दालनाच्या समोर आले, कमानी मोजल्या. पुन्हा मोजल्या.

कमानी नऊ होत्या. आमच्या मैदानावर सातच असायच्या.

हौदाच्या काठावर बसून त्यांनी सांगितलं की अगदी पहिल्या वर्षी मैदान अपुरं पडलं, म्हणून त्यांनी दोन कमानी गाळल्या होत्या. पुढं दर वर्षी सात आखता आखता त्यांना स्वतःलाही सातच खऱ्या वाटू लागल्या.

"पोरांस्नी दोन कमानी कमी दिल्या की रं मी," ते म्हणाले.

त्यावाचून कुणाचं काय अडलंय, असं मी समजावून पाहिलं.

"अडलं न्हाय. पर त्यांच्या हक्काचं हुतं."

परतीच्या प्रवासात त्यांना गाडी लागली नाही. मैदानात नऊ कशा बसवायच्या, या विचारात ते लागायचंच विसरले. दुसऱ्या दिवशी शाळेत फक्की घेऊन हजर. आठवी कमान गेली सायकल स्टँडात. नववी थेट स्वयंपाकघराच्या दारात, जिथं सुमनआक्का पोरांचं दुपारचं जेवण शिजवायच्या. माझ्या चुलीपुढं हे कशाला, म्हणून आक्का लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "कमान हाय ती आक्का. आता चपला काढून भाजी चिरायची," असा निकाल देऊन आप्पा सर पुढं सरकले. आक्कांनी कुरकुरत का होईना, चपला काढल्या.

नंतर कितीतरी दिवस ते बाजारात जुने विद्यार्थी गाठत होते. कुणी बसचा कंडक्टर झालेला, कुणी वकील, कुणाच्या कडेवर पोर. खुशाली विचारायच्या आधी सांगायचे, "नऊ हायत बरं का, नऊ."

आप्पा सर गेल्या पावसाळ्यात गेले. मैदानावरच शोकसभा ठेवली. पावसानं सगळं धुऊन नेलं होतं, एक रेघ शिल्लक नव्हती. हेडमास्तर ऑफिसमधून निघून सरळ माइककडं चालले होते, ते मधेच थबकले. चपला काढल्या आणि वळसा घालून पूर्वेकडून आले. त्यांच्यामागून आम्ही सगळे शिक्षक आणि पोरं तसेच आलो.

आक्का तेवढ्या चुलीपुढून उठून अनवाणी सरळ आत आल्या. त्यांना वळसा घालायची गरज नव्हती. नववी कमान त्यांच्याच दारात होती.