मामाजी आणि गोल झालेला नट

अकोल्यापासून अंजनगाव सुर्जीपर्यंतच्या साऱ्या मुलखात, घाई ज्याच्या अंगाला कधी शिवली नाही असा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझा सासरा निघाला. मामाजी जुन्या शहरातले लोहार. कापसाची तेजी आली तेव्हा कुणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, कुणी दुसरे लग्न केले. मामाजींना मिळाले ते रुईच्या गाठी दाबणाऱ्या नव्या लोखंडी प्रेसचे अडकलेले नट, आणि त्यात ते भरून पावले. कोपरे झिजून गोल झालेला, कुठलाच पाना धरू न देणारा नट मिळाला की त्या दिवशी सासूबाईंशीसुद्धा गोड बोलत. आधी त्याला कोमट तेल पाजायचे आणि मग पान खात बसायचे. कुणी विचारलेच, तर म्हणत, "तेल पिऊन राह्यला तो. तुमी जेवता तवा तुमाले कोनी उठवते का?" मग चहूबाजूंनी हलके ठोके, आणि सोडण्याआधी नट किंचित आवळायचा. "त्याले वाटलं पाह्यजे, का आपलंच ऐकून राह्यले." अकोटला एका लग्नात, शेजारच्या प्रेसवर नट अडकल्याचे कानावर आले म्हणून ते भरल्या पंगतीतून उठले. नट निघाला तोवर वरात परत गेली होती. आपल्या हातून आजवर एकही नट गोल झाला नाही, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

मी एका शेठच्या प्रेसवर मिस्त्री होतो आणि स्वभावाने अगदी उलटा, उतावळा. ऐन हंगामात, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना, मला एक बोल्ट ढिला करायचा होता. बरोबर मापाचा पाना मागे गोदामात होता. तेवढे कोण जाणार? हातातलाच सैल पाना लावून मी सारा जोर काढला. नटाचे चारही कोपरे गेले, माझी बोटे सोलली आणि प्रेस बंद पडली. अशाच चुकीसाठी शेठने आठवड्यापूर्वी एकाला घरी पाठवले होते, आणि माझ्या बायकोला सातवा महिना लागला होता. मी मूग गिळून गप्प बसलो आणि मामाजींना बोलावणे धाडले.

मामाजी आले, तेल पाजले, पान लावले. शेठचा आरडाओरडा चाललाच होता.

"शेठ, तुमी ओरडता म्हनून तो भेऊन धरून बसला," मामाजी म्हणाले.

शेवटी कानशीने नटाच्या दोन बाजू सपाट केल्या, पाना बसवला, किंचित आवळला आणि सोडला. नट कुरकुरत निघाला. त्यावरचे ताजे, चकचकीत ओरखडे त्यांनी पाहिले, मग माझी सोललेली बोटे पाहिली.

"हे कोनं केलं?" शेठने विचारले.

"म्याच," मामाजी म्हणाले. "दसऱ्याले प्रेस साफ केली तवा. घाईत होतो."

शेठने त्यांना पुन्हा कधी बोलावले नाही. बोभाटा झाला, तसे इतर प्रेसवाल्यांनीही दुसरा लोहार पाहिला.

घरी परतताना मी विचारले, "मामाजी, काहून अंगावर घेतलं?"

"तुमाले अजून लय वर्सं काम करायचं हाय, जवाईबापू," ते म्हणाले. "मायं करून झालं."

शेठला उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत मी वर्षे घालवली. आता शेठ नाहीत आणि मामाजीही नाहीत. त्यांची फार आठवण येते. म्हणून निदान इथे लिहून ठेवतो, की तो नट मी गोल केला होता.