सासूबाईंचा तांब्या

पितळेचा तांब्या घासायला घेतला की मला भांडुपच्या घरातली एक सकाळ आठवते. खोकलं तरी लघवी सुटायची म्हणून मी ऑपरेशन करून मूत्राशयाला आधाराची जाळी बसवून घेतली होती, आणि आता उलटंच झालं होतं, लघवी होतच नव्हती. नळाचा आवाज ऐकला की थोडी व्हायची, म्हणून मी बाथरूममध्ये नळ सोडून बसायचे. पण आमच्याकडे पाणी यायचं तासभरच. त्या दिवशी सासूबाईंनी दार वाजवलं, "अगो, सगळा पाणी जाता. करतंस काय आत?" ऑपरेशन घरात सगळ्यांना माहीत होतं, हे कुणालाच नव्हतं. ओटीपोट दुखत होतं, मी चिडून ओरडले, "लघवी होत नाहीये मला, पाण्याचा आवाज लागतो." मी नळ बंद केला. मग दाराबाहेर तांब्याने बादलीत पाणी पडायला लागलं, बारीक धारेने; तेच पाणी उपसून पुन्हा तिथेच. "बस तू," त्या म्हणाल्या, "घाई नाय." त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. माझा त्रास कमी झालाय, गेलेला नाही. तांब्या आता बाथरूममध्येच असतो, पण धार आपणच धरायची तर लघवी लवकर होत नाही.