पंच्याहत्तर खोल्यांचं कुंपण

लोअर परळला मशीनच्या एका दुकानात मी बावीस वर्षं काउंटर सांभाळतोय. ड्रिल, कटर, ब्रेकर, पंप, म्हणाल ते. अशा दुकानात किस्से जमवावे लागत नाहीत, गिऱ्हाईक सोबत घेऊन येतं आणि जाताना काउंटरवर विसरून जातं. बाकीचे मीही विसरलो. अण्णांच्या कुंपणाचे मात्र राहिले. मंडळी जमली की कोणीतरी म्हणतंच, सुन्या, ते खांबांचं सांग!

तर आधी अण्णा कोण ते सांगतो. नायगावच्या बीडीडी चाळीत आमच्यापासून दोन खोल्या सोडून त्यांची खोली. आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाले, आता एकोणऐंशीचे आहेत. मुलगा विलास बस चालवतो, तो माझा लहानपणापासूनचा दोस्त. सून नंदा परळच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. नव्या इमारतींसाठी चाळ पाडली तसे आम्ही सगळे भाड्याच्या घरांत पांगलो, पण रविवारी अण्णांकडे जमतोच.

अण्णांनी मंडणगडकडे आपल्या गावी अकरा गुंठे जमीन घेतली. त्यांच्या घराण्यात याआधी कोणाच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. घेतल्या दिवसापासून त्यांचा एकच धोशा, कुंपण घालायचं. नंदानं एकदा विचारलं, अण्णा, तिथे गवताशिवाय काही नाही, कोण काय चोरणार? अण्णा म्हणाले, "त्या गावात मी कुंपणं फक्त बाहेरून बघितलीयत, चप्पल काढून."

त्यातच डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले होते आणि जमीन चढावर. अण्णांचं ठरलेलं होतं, आधी कुंपण, मग गुडघे. ऑपरेशनच्या टेबलावरून उठलोच नाही तर? हे ते इतक्या साधेपणानं विचारायचे की आपणच दुसरीकडे बघावं. म्हणजे घाई होती. हातानं खड्डे खणत बसायला वेळ नव्हता, मशीनच लागणार होतं आणि ते निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

* * *

पहिल्याच रविवारी घोळ झाला. कुंपण किती फुटांचं ते मला हवं होतं. विलास म्हणाला, अकरा गुंठे. आता गुंठा म्हणजे केवढा, हे आमच्यापैकी एकाच्याही डोळ्यांसमोर येईना. मी मोबाइलवर आकडा काढून दाखवला, तरी सगळ्यांचे चेहरे कोरे.

अण्णा मघापासून पेन्सिलनं काहीतरी करत होते. त्यांनी कागद पुढे सरकवला. आमची चाळीतली खोली एकशेसाठ फुटांची. त्यानं भागून त्यांनी उत्तर काढलं होतं, पंच्याहत्तर खोल्या.

एका माणसाच्या पंच्याहत्तर खोल्या! त्यातल्या एकीत आम्ही सात जण वाढलो होतो. शेवटी नंदानं विचारलं, "आणि संडास किती?"

"एकपण नाही."

"मग आपलीच चाळ, अण्णा."

* * *

पुढच्या आठवड्यात अण्णा विलासबरोबर दुकानात आले. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि एकेक मशीन दाखवायला घेतलं. हा पोस्ट ड्रायव्हर, खांबाच्या डोक्यावर बसवायचा, पेट्रोलवर चालतो आणि ठोकत ठोकत खांब जमिनीत नेतो. हा ऑगर, मोठ्या स्क्रूसारखा फिरतो, खड्डा पाडतो, मग त्यात खांब उभा करून काँक्रीट भरायचं. हा बॅटरीवाला, हलका, पण जोर कमी. वजन, धक्के, ताकद, मी सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. फार्महाऊसवाले एवढ्यावर खूश होऊन माल उचलतात.

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू स्वतः किती खांब ठोकलेस रे?"

आता खोटं कसं बोलणार? बावीस वर्षांत एकही नाही. खांब मातीत जाताना मी फक्त कंपनीच्या व्हिडिओत बघितला होता. अण्णा उठले, म्हणाले, "मग आधी एक ठोकून बघू."

* * *

ठोकायचा कुठे? नायगाव ते परळ आम्ही तिघांनी माती शोधली. सगळीकडे पेव्हर ब्लॉक, नाहीतर डांबर. बागेत माती आहे, पण तिथला माळी खुरपं घेऊन पाठी लागला असता. शेवटी विलास म्हणाला, आपली चाळ पाडली ना, तिथे असेल.

रविवारी दुपारी तिथल्या वॉचमनला सांगून आम्ही आत गेलो. अण्णा स्वतः वॉचमन होते, त्यामुळे दोघांचं लगेच जमलं. एका कडेला मोकळी माती सापडली. मी सहा फुटी लोखंडी अँगल उभा धरला, विलासनं त्यावर मशीन चढवलं आणि सुरू केलं. दोन मिनिटांत अँगल दोन फूट आत! मी टाळ्या वाजवल्या.

मग तो काढायला गेलो. ठोकायचं मशीन आणलं होतं, उपटायचं कोणी आणलं होतं? ओढला, हलवला, विलास लटकला. अँगल जागचा हलेना. वॉचमन म्हणाला, आता निघा, साहेब येतील.

पुढच्या रविवारी गुपचूप पहार घेऊन गेलो. बघतो तर अँगलला लाल रंग मारलेला आणि त्यावर नंबर! कुठल्या तरी इंजिनीयरनं त्याला मोजणीची खूण समजून कागदावर चढवलं असावं. विलास घाबरला. अण्णा त्या अँगलच्या आसपास पावलं मोजत फिरत राहिले, मोरी इथे असेल, दार इथे असेल, असं पुटपुटत. निघताना म्हणाले, राहू दे तो तिथेच.

घरी येताना आम्ही तिघंही सारखे मागे वळून बघत होतो. चाळ होती तेव्हा तिला शिव्या घालण्यात आमचं आयुष्य गेलं होतं.

* * *

मध्येच विलासला विजेच्या मशीनचं वेड लागलं. पेट्रोल नको, धूर नको, स्वस्तही पडतं. त्यानं पन्नास मीटरची वायर आणून ठेवलीसुद्धा.

मी विचारलं, जमिनीवर विजेचा मीटर आहे का? नाही. मग प्लग कुठे लावणार? विलास अगदी सहज म्हणाला, "शेजारून घेऊ की."

चाळीत जन्म गेला की असं होतं. मिक्सर शेजारी, इस्त्री शेजारी, पाहुणे झोपायला शेजारी. मी विचारलं, शेजारी आहे किती लांब? अण्णा म्हणाले, हाक मारली तर ऐकू जात नाही. विलासचा चेहरा पडला. "मग तो शेजारी कसला?"

वायर अजून त्याच्या पलंगाखाली आहे.

* * *

माती कशी आहे हे विचारायचं मात्र आम्ही साफ विसरलो होतो. आमच्या लेखी जमीन म्हणजे माती! कोकणात मातीखाली कातळ असतो आणि त्यात ठोकायला गेलं तर खांब वाकतो, हे मला दुकानात आलेल्या एका गवंड्यानं सांगितलं. मग अण्णांच्या गावच्या भाच्याला कामाला लावलं. त्यानं हद्दीवर दहा ठिकाणी पहार मारायची आणि कळवायचं.

भाच्यानं दहा व्हॉइस मेसेज पाठवले. काहींत धप् असा आवाज आणि मागून "हितं गेली". काहींत ठण् आणि "हितं नाय". नंदानं कागदावर पेशंटच्या चार्टसारखा तक्ता काढला. सहा ठिकाणी माती, चार ठिकाणी कातळ. मग चष्मा काढून निकाल दिला, "पेशंटला दोन डॉक्टर लागतील."

तसंच केलं. मातीसाठी पेट्रोलचा पोस्ट ड्रायव्हर घेतला. कातळात भोकं पाडायला ड्रिल आणि छोटा जनरेटर भाड्यानं.

त्या संध्याकाळी दुकान बंद करताना मला फार एकटं वाटलं. दहा-दहा एकरवाले माझ्या काउंटरवर येऊन जातात, त्यांचा मला कधी हेवा वाटला नाही. अण्णांचा वाटला. माझ्या वडिलांनी कधी जमीन हवी असं म्हटलं नाही. की म्हटलं होतं आणि माझंच लक्ष नव्हतं? ते जाऊन नऊ वर्षं झाली, आता विचारणार कोणाला?

* * *

गावी पोचल्यावर मी सगळ्यांना कानावर लावायचे मफ वाटले. मशीनचा आवाज फार असतो, नियम म्हणजे नियम. अण्णांनी मफ परत केला. "माझे कान गिरणीनं आधीच बंद केलेत. तो दुसऱ्याला दे."

त्याच दिवशी मी आयुष्यातला पहिला खांब ठोकला. नंतर तळहातांना मुंग्या येत होत्या आणि मी उगाचच हसत होतो. अण्णा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून प्रत्येक खांब मोजत होते. ओळंबा जरा चुकला की काठी वर करायचे आणि आम्ही मुकाट्यानं खांब सरळ करायचो.

* * *

आता शेवटचं. गावातल्या दुसऱ्या दिवशी दुपारी पंचावन्नावा खांब बसला, काटेरी तार ओढून झाली, भाच्यानं लोखंडी फाटक बिजागऱ्यांवर चढवलं. मी मशीन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं की गवताचा आवाज यायला लागला. नंदानं डब्यातून लाडू काढले.

अण्णा खुर्चीवरून उठले. लाडू घेतला नाही. काठी टेकत फाटकातून बाहेर पडले आणि विलासला म्हणाले, "बंद कर ते." विलासनं फाटक लावलं. अण्णा चढ उतरून खालच्या पायवाटेपर्यंत गेले. एका पायरीएवढ्या उतारालाही त्यांना थांबावं लागत होतं. नंदा त्यांच्यामागे निघाली, विलासनं तिला अडवलं.

पायवाटेवर ते क्षणभर पाठ करून उभे राहिले. मग वळले आणि तसेच हळूहळू चढ चढून वर आले. फाटकाशी आले, पण हात लावला नाही. चप्पल काढली, बाजूला ठेवली आणि जरा मोठ्यानं विचारलं, "आत येऊ का?"

विलास कडी काढायला धावला. अण्णांनी त्याला हातानंच थांबवलं.

आम्ही सगळे आत, ते एकटे बाहेर. ते तसेच उभे राहिले, पंच्याहत्तर खोल्यांवरून नजर फिरवत.

मग त्यांनी वाकून चप्पल पुन्हा पायात घातली.

"ये रे, ये. आत ये," ते म्हणाले, आणि स्वतःच कडी काढून, फाटक ढकलून आत आले.