गायकाच्या नाकाला चप्पल

पुण्यात भर कार्यक्रमात एका गायकाच्या नाकाला मी चप्पल लावली. चूक माझीच होती. चप्पलही माझीच होती.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे साठी नुकतीच ओलांडली होती, एकच गुडघा दुखायचा आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं असा माझा ठाम समज होता. (आता दोन्ही गुडघे दुखतात. समज गेला.)

झालं असं, की आमच्या ऋतूला, माझ्या नातीला, पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि तिचा बाप अडून बसला. हा माझा मुलगा, दत्ता. "उल्हासनगरला कॉलेजं कमी आहेत काय? बदलापूरवरून रोज जा-ये कर." पोरीने जेवण सोडलं. शेवटी त्याने तोडगा काढला. आजीने तिला पुण्याला न्यायचं, हॉस्टेल बघायचं, पोरगी परक्या गावात कशी वागते ते बघायचं. "काही लफडं झालं, तर हॉस्टेलचं नाव काढायचं नाही." म्हणजे पोरीचं सगळं माझ्या पदरात. मला झोप लागेना.

प्रवासासाठी उल्हासनगरच्या कॅम्प चारच्या बाजारातून नवी चप्पल घेतली. सिंधी शेठ म्हणाला, "ले जाओ माई, गिरने नहीं देगी." (मला नाही पडू दिलं. दुसऱ्यांचं तो बोललाच नव्हता.)

हॉस्टेल चांगलं निघालं. वॉर्डनबाई तर अशा कडक, की मीच त्यांच्यापुढे पदर सारखा केला. जीव जरा भांड्यात पडतोय तोच ऋतू म्हणाली, "आजी, दुपारी एका बँडचा शो आहे. जाऊया ना, प्लीज."

"कसला बँड?"

"पॉप-पंक. म्हणजे दुःखच सांगतात, पण उड्या मारून."

हे मला पटलं. आमच्याकडे हळदीला नवरीची आई रडत रडतच नाचते.

दारावरच्या माणसाने माझा भाकरी-कांद्याचा डबा काढून घेतला. आत बघते तर खुर्च्याच नाहीत. आमच्याकडे मयताला सुद्धा चार खुर्च्या मांडतात! मी ऋतूच्या पिशवीचा पट्टा मुठीत गच्च धरला आणि उभी राहिले. ड्रम सुरू झाला तो थेट माझ्या छातीत. पुढची पोरं एकमेकांना धडका द्यायला लागली.

"ऋतू, चल. मारामारी लागली."

"मारामारी नाही गं. नाच आहे तो."

"मग पडला त्याला उचलतायत कशाला?"

"पडला की उचलायचं, नियमच आहे."

नियम चांगला होता. आमच्या भावकीत नाही.

तेवढ्यात मागून लोंढा आला. पट्टा माझ्या मुठीत, पिशवी पट्ट्याला, पण पोरगी गायब. हाका मारल्या, तर माझाच आवाज मला ऐकू येईना. दत्ताचा चेहरा डोळ्यांपुढे नाचायला लागला, तोही ड्रमच्या तालावर. आणि त्याच वेळी स्टेजवरचा तो निळ्या केसांचा गायक उताणा पडला. हातपाय झाडतोय, डोळे पांढरे. मग उठला काय, नि धाडकन लोकांच्या अंगावर कोसळला काय! लोक त्याला हातांवरून माझ्याकडे सरकवत आणत होते.

फीट. दुसरं काय असणार?

आमच्या गावात फीट आली की कांदा नाहीतर चप्पल नाकाला लावतात. (डॉक्टर नको म्हणतात. पण तेव्हा सगळं मला कळत होतं ना.) कांदा दारावरच अडकला होता. चप्पल पायात होती.

"सरका, वारा येऊ द्या!" मी त्याचा पाय धरून खाली ओढला, डोकं मांडीवर घेतलं आणि चप्पल नाकाला दाबली. वाद्यं एकेक करून थांबली. ड्रमवाल्याला सगळ्यात शेवटी कळलं.

"आजी, काय करताय?" चपलेखालून आवाज आला.

"बोलू नको बाळा. जोरात हुंग."

पोरगा संस्कारी. हुंगला. मग म्हणाला, "मला काही झालं नाहीये. आमचं असंच असतं."

"कुठला रे तू?"

"अंबरनाथचा."

"मग तुला हे ठाऊक पाहिजे."

"ठाऊक आहे हो. शेजारच्या काकांना लावायचे. पण त्यांना खरंच फीट यायची."

सगळं सभागृह हसलं. त्या हसण्यातून वाट काढत माझी ऋतू आली. रडली नाही, चिडली नाही. गायकाला सॉरी म्हणाली, माझ्या पायात चप्पल सरकवली, दंडाला धरून बाहेर आणलं, पायरीवर बसवून पाणी दिलं, बीपीची गोळी दिली आणि रिक्षा बोलावली.

लफडं तर झालंच होतं. वाटभर मी दत्ताला काय सांगायचं ते घोकत होते. पण आमच्या आधी व्हिडिओ बदलापूरला पोचला होता. दत्ता ओट्यावर मोबाईल घेऊन बसलेला. ऋतू माझ्या मागे, श्वास रोखून.

"हॉस्टेल छान आहे," मी घाईघाईने सुरू केलं. "वॉर्डनबाई फार कडक. आणि पोरीची काही एक चूक नाही रे."

त्याने व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. ऋतू मला धरून बाहेर नेते तिथपर्यंत बघितला, मोबाईल खिशात टाकला आणि म्हणाला, "ऋतूला पुण्याला जाऊ दे, तिची मला काळजी नाही. पण आई, त्या कडक वॉर्डनबाईंना विचार ना, आजीला ठेवून घेतात का."