आक्कांच्या कोनाड्यातली राणी मुंगी

तंबाखूनं माझी पहिली राणी मारली. दुसरी आक्कांनी जगवली.

त्या आक्का आज सकाळी गेल्या.

निपाणीहून त्यांच्या नातवाचा फोन आला. "आज्जी गेली," एवढंच म्हणाला. नव्वदी ओलांडलेलं माणूस गेलं तर इतकं रडू नये म्हणतात. मी रडले.

ज्यांनी मला इतकी वर्षं बेळगावात झूऑलॉजी शिकवताना बघितलंय, त्या सगळ्यांना हे सांगायचंय. मी शिकवायला उभी राहिले ती एका मुंगीमुळं आणि आक्कांमुळं.

सत्तरच्या दशकाचा शेवट. मी बीएस्सीला गेलेली आमच्या वस्तीतली पहिली मुलगी. आणि पहिल्याच वर्षी प्रॅक्टिकलला नापास!

आप्पा म्हणाले, "औंदा बी गटांगळी खाल्लीस तर कॉलेज बास. आईसंगं विड्या वळायला बस."

आप्पा वाईट नव्हते हो. घरात खाणारी सहा तोंडं होती.

प्रॅक्टिकलचे सर म्हणाले, "एक जिवंत कीटक पाळ. रोज निरीक्षण लिही. वही चांगली झाली तर बघू."

मी मुंगळ्याची राणी धरली. पावसाची सर येऊन गेली की पंखवाले मुंगळे उडतात, त्यातली पंख गळालेली, भिंतीवर एकटीच पळणारी. ओळखायची कशी? पाठ कुबड आल्यासारखी फुगीर, पोट मोठं, आणि पंखांच्या जागी बारीक खुंट.

टेस्ट ट्यूबच्या तळाला पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी, मग तोंडाला कापूस. सरांनी दाखवलं तसं सगळं केलं.

तिसऱ्या दिवशी राणी उताणी.

मी ट्यूब घेऊन आक्कांच्या घरच्या पुढच्या सोप्यात जाऊन बसले. आक्का मूळच्या सदलग्याच्या, लग्न होऊन आमच्या गल्लीच्या तोंडाला आलेल्या. आमच्या घरात विड्यांचा पसारा, म्हणून मी अभ्यासाला त्यांच्या सोप्यात बसायची. आम्ही बौद्ध, त्या जैन. माझा चहाचा कप वेगळा असायचा, तेही खरं सांगते. पण बसू नको असं त्या कधी म्हणाल्या नाहीत.

आक्कांनी कापूस नाकाशी धरला.

"अगं यडे, तंबाखूचा वास मारतोय की ह्याला! तुझ्या घरात मुंगी बघितलीस का कधी?"

खरंच की! आमच्याकडं गूळ उघडा राहिला तरी मुंगी फिरकायची नाही. माझ्या बोटांना, कापसाला, सगळ्याला तंबाखूची भुकटी. एवढं साधं सायन्सच्या पोरीला कळलं नव्हतं.

वाटलं, आता आक्का मदत करतील. छे!

"जीव कोंडून ठिवायचा? बेड, बेड!" चिडल्या की त्या कन्नडात नको म्हणायच्या. "पाप लागंल."

"आक्का, नापास झाले तर आप्पा कॉलेज सोडवणार."

आक्कांनी ट्यूबमधल्या उताण्या राणीकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मरू द्यायचं न्हाय. पोरंबाळं झाली की सगळ्यास्नी मातीत सोडायचं. व्हय म्हण."

मी व्हय म्हटलं.

दुसरी राणी त्यांच्याच न्हाणीच्या भिंतीवर सापडली. आक्कांनी आधी माझे हात राखेनं घासून घेतले. कापूस त्यांच्या घरातला. ट्यूब काळ्या फडक्यात गुंडाळून त्यांच्या कोनाड्यात ठेवली.

पण मला दम कुठला! दर तासाला फडकं काढून बघायची, साखरेचा कण आत ढकलायची. आठ अंडी दिसली होती, दुसऱ्या दिवशी तीनच. घाबरून राणीनं स्वतःचीच अंडी खाल्ली होती.

भाद्रपद होता. आक्कांचे दहा दिवसांचे उपास चालू होते, नुसत्या पाण्यावर. भिंतीला टेकून बसल्या होत्या, आवाज खोल गेलेला.

"तिला पाणी हाय न्हवं?"

"हाय."

"मग उठसूट काय बघतीस? तिचा बी उपास हाय. उपासाच्या माणसाला सारखं खा खा म्हणत्यात व्हय गं?"

नंतर पुस्तकात वाचलं. पहिली पिल्लं मोठी होईपर्यंत राणी बाहेरचं काही खात नाही. पंखांचे स्नायू आतल्या आत जिरवून स्वतः जगते, पिल्लांनाही भरवते. आक्कांनी हे पुस्तकाशिवाय ओळखलं होतं.

त्या दिवसापासून फडकं आठवड्यातून एकदाच उघडायचं ठरलं. राणीनं पुन्हा अंडी घातली. दसऱ्याच्या सुमारास पाच कामकरी मुंगळे बाहेर आले, एवढे एवढेसे!

"सुटली बाई एकदाची!" आक्का म्हणाल्या. बाळंतपण जणू त्यांनीच केलं होतं.

वही बघून सर खूश. म्हणाले, "गुड. आता सगळ्या स्पिरिटमध्ये घालून आण. म्युझियमला लागतील. त्याशिवाय मार्क नाहीत."

लपवत नाही, मी स्पिरिटची बाटली घेऊन आले होते. पण आक्कांना सांगताना रडू फुटलं.

 दुसऱ्या दिवशी आक्का डोक्यावरून पदर घेऊन माझ्याआधी तयार. ट्यूब रुमालात गुंडाळून हातात. त्या बाईनं जन्मात कॉलेजची पायरी चढली नव्हती.

लॅबमधली पोरं फिदीफिदी हसली. आक्कांनी ट्यूब सरांच्या टेबलावर ठेवली.

"काय बघायचं ते हितंच बघा सर. दिसभर बघा, मी बसते. पर मारायचं न्हाय. पोरीनं मला शब्द दिलाय."

सर चिडलेच. "तुम्ही कोण हिच्या?"

माझी मान खाली. आता काय सांगतील?

"मी? हिची आक्का," त्या म्हणाल्या. "घरचीच."

सरांनी भिंग उचललं. खूप वेळ बघत बसले. मग वहीवर सही केली.

मी पास झाले. परत येताना आक्कांच्या घरामागच्या परड्यात आम्ही दोघींनी कापूस काढला आणि राणी पोरांसकट मातीत शिरली.

आक्का, थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं हो. म्हटलं असतं तर तुम्ही रागावला असता, म्हणून आज म्हणते.

आता निपाणीला निघालेय. दारात कुणी विचारलं, तुम्ही कोण त्यांच्या, तर सांगणार आहे. घरचीच.

आक्का, तुमच्या पायांवर डोकं ठेवते. या आता.