मामांच्या शेजारची सीट

माझे सासरे सैन्यात ड्रायव्हर होते. एका बाजूला दरी आणि चाकाखाली बर्फ, अशा घाटांतून त्यांनी वर्षानुवर्षं ट्रक नेले. निवृत्त होऊन उंब्रजला आले तरी घरातली गाडी त्यांनी कुणाच्या हातात दिली नाही. मी त्यांना मामा म्हणते. नवराही सैन्यात, कायम लांब. त्यामुळे लग्नकार्य असो की दवाखाना, मला आणि माझ्या लेकीला मामाच न्यायचे. त्यांच्या शेजारी बसलं की कराड यायच्या आत माझा डोळा लागायचा.

मग एका पावसाळ्यात ती झोप उडाली. आधी स्पीडब्रेकरवर गाडी आदळायला लागली. "रातीतनं बांधत्यात लेकाचे," मामा म्हणायचे. पुढं एकदा कराडच्या बाजारात रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला त्यांनी अगदी अंगाशी आल्यावर ब्रेक मारला. ती बाई बॉनेटवर हात ठेवून नुसती बघत राहिली. मामा मात्र तिच्याकडं न बघता, भलतीकडंच बघत होते.

नवऱ्याला फोनवर सांगितलं, तर तो हसला. "अगं, त्यांनी कुठं कुठं गाडी चालवलीय, तुला माहितीय का? तू मुळातच भित्री." सासूबाई म्हणाल्या, "त्यास्नी तसलं काय बोलू नगंस. लय मनाला लावून घेत्यात." मग मी गप्प बसले. गाडीत बसले की दारावरचं हँडल घट्ट धरायचं आणि रस्त्यावरची नजर काढायची नाही, एवढंच करत राहिले. बैल, सायकल, एसटी, जे दिसेल ते सहज बोलल्यासारखं मोठ्यानं म्हणायची. ते ऐकून त्यांचा पाय ब्रेकवर जातोय की स्वतः बघून, हे मला कधीच कळलं नाही.

थंडीत सांगलीला चुलत नणंदेचा साखरपुडा होता. सासूबाई आदल्या दिवशीच गेल्या होत्या. आम्ही तिघं सकाळी निघालो. लेक मागं झोपली होती. हायवे सोडून सांगलीच्या रस्त्याला लागलो आणि आष्ट्याच्या अलीकडं धुकं आलं. दोन्ही बाजूंना ऊस, मधे पांढरं. कारखाने चालू झालेले, त्यामुळे उसाच्या ट्रॉल्या सारख्या येत-जात होत्या.

"मामा, जरा हळू."

"दिसतंय गं मला."

समोर धुक्यात काहीतरी हिरवं हललं. उसाचं वाढं, शेंड्याचा पाला. नादुरुस्त झालेली ट्रॉली रस्त्यातच उभी होती. मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर, ना साधं लाल फडकं. मला ती दिसली, आणि त्याच क्षणी कळलं की मामांना दिसलेली नाही. गाडीचा वेग तसाच होता.

मी किंचाळले. मामांनी स्टिअरिंग उजवीकडं ओढलं. समोरून एसटीचा हॉर्न आला, लांबलचक. डाव्या बाजूला उसाची टोकं काचेवर खरखरत गेली, काहीतरी फुटलं, आणि आम्ही ट्रॉली आणि एसटीच्या मधून पलीकडं निघालो. लेक सीटवरून खाली पडली होती. रडत नव्हती, डोळे मोठे करून बघत होती. मामांनी गाडी थांबवली नाही.

पुढच्या फाट्यावर पोलीस ट्रॅक्टर अडवून ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावत होते. आमचा डावा आरसा वायरीला लोंबकळताना बघून एका महिला पोलिसानं आम्हाला बाजूला घेतलं.

"काय झालं, काका?"

"मागं ट्रॉली हुबी हाय बिनदिव्याची. तिला धरा आदी!"

"माणूस पाठवते. तुम्हाला कधी दिसली?"

"लांबनंच दिसली की."

तिनं माझ्याकडं बघितलं. पोलिसासमोर सासऱ्याला खोटं पाडायचं, घरी तोंड कसं दाखवायचं? पण लेकीची बोटं मागून माझ्या खांद्यात रुतली होती.

"नाही दिसली त्यांना," मी म्हणाले. "मी ओरडले म्हणून वाचलो."

मामांनी मान वळवली नाही. पोलीसबाईनं समोर उभ्या असलेल्या ट्रककडं बोट केलं. इथवर धुकं विरळ झालं होतं, पाटी स्वच्छ दिसत होती. "काका, तेवढा नंबर वाचता?"

मामांनी डोळे बारीक केले. पुढं वाकले. "एम एच..." म्हणाले आणि थांबले. तेवढं तर न बघताही सांगता येतं.

"लायसन आणखी कुणाकडं आहे?" तिनं हलक्या आवाजात विचारलं.

माझ्याकडं होतं. पण गावातल्या गावात सोडून मी कधी चालवली नव्हती. मामा उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या जागी येऊन बसले. माझ्याकडून क्लच सुटून गाडी दोनदा बंद पडली. आयुष्यभर गाडी हाकलेल्या माणसाशेजारी मी ती चालवणार होते, आणि पुढं अजून किती धुकं असेल ते माहीत नव्हतं.

"दुसरा टाक," एवढंच ते अधूनमधून म्हणत. सांगलीच्या जवळ आल्यावर बाहेर बघत म्हणाले, "मलाबी भ्या वाटायचं गं. रोज. पर सांगायचं कुनाला?"

समोर रिक्षा आडवी आली, मी ब्रेक दाबला.

सांगलीतच दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. रक्तातल्या साखरेनं मामांच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब झाले होते. उपचारानं आहे ती नजर टिकेल, गेलेली येणार नाही, असं ते म्हणाले. संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. मी काही सांगायच्या आत मामांनी तो माझ्या हातातून घेतला.

"आता गाडी हीच चालीवनार," ते म्हणाले. "आन् आयक, तुमचं तवाचं फोनवरचं बोलनं आयकलं हुतं म्या. पोरगी भित्री न्हाई. खरं बोलत हुती ती."