दत्तक गेलेला मेकॅनिक

मुरबाडला माझी मोटरसायकल दुरुस्त करणारा मेकॅनिक दातांत स्क्रू धरूनच गप्पा मारतो. ख्रिस्ती प्रार्थनेला जायला लागल्यापासून त्याचं एकच पालुपद: “देवानं मला दत्तक घेतलाय, भाऊ!”

मी अक्कल पाजळली, “म्हणजे सख्ख्या बापाशी संबंध संपला.”

त्यानं दातांतला स्क्रू काढला. त्याच्या बापाला चालता येत नाही. रोज हाच त्याला भरवतो.

रविवारी तो मला प्रार्थनेला ओढत घेऊन गेला आणि भर प्रवचनात उभा राहिला. “पास्टर, माझ्या बाला सोडायचा असंल तं मी नाय दत्तक जायचा. हा भाऊ तसाच बोलतो.”

मला चटईखाली शिरावंसं वाटलं.

पास्टर हसले. “देव कशाला तोडंल? तुझ्या बाला बी घेऊन ये.”

त्यानं लगेच घरून बापाला पाठुंगळीला मारून आणलं आणि माझ्याच खांद्याला टेकवून बसवलं. म्हातारा माझ्यावर गुरकावला, “माझ्या पोराला दत्तक मागतो तो तूच काय रे?”